मिलिंग मशीनला घरच्या घरी सीएनसी करताना: आधी लोखंड, मग वायर

मिलिंग मशीनला मोटारी, ड्रायव्हर आणि कंट्रोलर जोडला की ते सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारं, होतं. पण मशीन मुळात ढिलं असेल तर तयार होतं ते ढिलं सीएनसी. हाताने चालवताना ऑपरेटर नकळत बरंच सांभाळून घेतो. हँडल उलटं फिरवताना आधी प्ले (स्क्रू आणि नटातला ढिलेपणा) काढतो, कटर जॉब ओढायला लागला की हात आवरतो, स्लाइड जड लागली की थांबतो. कंट्रोलरला यातलं काहीच कळत नाही. तो मोटरला पल्स (विजेचे ठोके) पाठवतो आणि टेबल तिथे पोचलं असं धरून चालतो. म्हणून या कामातला निम्म्याहून जास्त वेळ स्लाइड, स्क्रू आणि बेअरिंगवर जायला हवा. वायरिंग त्यामानाने लवकर उरकतं.

कोल्हापुरात राहणाऱ्याला एक सोय आहे. टर्निंग, ग्राइंडिंग, मोटर रिवाइंडिंग, बेअरिंग, बोल्ट यांसाठी शिवाजी उद्यमनगराच्या बाहेर जावं लागत नाही, आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे कास्ट आयर्नचा चांगला तुकडा मिळवणं अवघड नाही. बॉल स्क्रू (नटात छर्रे असलेला स्क्रू), स्टेपर मोटर (पल्सगणिक एकेक पायरी फिरणारी) आणि ड्रायव्हर ऑनलाइन मागवले तरी बाकीचं काम गावातच होतं.

कोणतं मशीन लायक

डव्हटेल (पाचरीच्या आकाराची सरळ स्लाइड असलेल्या) कॉलमचं छोटं बेंच मिल, म्हणजे बाजारात एक्स-२ किंवा एक्स-३ म्हणून ओळखला जाणारा प्रकार, या कामाला योग्य. गोल कॉलमचं ड्रिल-कम-मिल स्वस्तात मिळालं तरी विचार करा. हेड वर-खाली केलं की ते कॉलमभोवती थोडं फिरतं आणि स्पिंडलची जागा हरवते. अशा मशीनवर झेड (वर-खाली) अक्ष फक्त क्विलवरच (हेडमधून वर-खाली होणाऱ्या स्पिंडलच्या नळीवर) घेता येतो, आणि क्विलचा प्रवास तोकडा असतो.

पैसे खर्च करण्याआधी मशीनची तब्येत पाहा. टेबलावर मॅग्नेटिक स्टँड आणि ०.०१ मिमीचा लिव्हर डायल लावून टेबलाचं टोक हाताने पुढे-मागे दाबा. गिब (स्लाइडमधला ढिलेपणा काढणारी पट्टी) नीट आवळूनही डायल ०.०३ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर आधी गिब आणि स्लाइड बसवावी लागेल. जुन्या मशीनची स्लाइड मध्यभागी झिजलेली असते, कारण सगळी कामं तिथेच होतात. मध्यावर गिब आवळली की टोकाला टेबल जाम होतं आणि टोकाला सैल केली की मध्ये हलतं. यावर स्टेपर मोठा लावणं हा उपाय नाही. निळा रंग लावून उंच भाग पाहायचा आणि स्क्रॅपिंग करायचं. स्वतःला जमत नसेल तर जुन्या फिटरला गाठा. ही कला अजून गावात आहे.

पाडापाडी करण्याआधी

अनेक जण उत्साहाने पहिल्याच दिवशी मशीन पूर्ण उघडतात आणि मग मोटर माउंट मिल करायला मशीनच उरत नाही. क्रम उलटा ठेवा. मशीन हाताने चालतंय तोवर मोटर प्लेट, नट ब्रॅकेट, बेअरिंग ब्लॉकचे स्पेसर असे सगळे भाग त्याच मशीनवर करून घ्या. मग एकेक अक्ष बदला: आधी एक्स (डावं-उजवं), तो चालला की वाय (पुढे-मागे), शेवटी झेड.

तीन अक्षांसाठी लागणारं सामान साधारण असं:

बॉल स्क्रू १६०५, म्हणजे १६ मिमी व्यास आणि एका फेऱ्याला ५ मिमी प्रवास, ३ नग, त्यांच्या नटांसह. एक्स-२ च्या सॅडलखाली (टेबल ज्यावर बसतं त्या सरकत्या भागाखाली) जागा कमी असल्याने वायसाठी काही वेळा १२०४ घ्यावा लागतो.
बीके-१२ आणि बीएफ-१२ बेअरिंग ब्लॉकचे ३ जोड, बीके मोटरच्या बाजूला आणि बीएफ दुसऱ्या टोकाला (१२०४ घेतला तर त्या अक्षाला बीके-१० आणि बीएफ-१०).
नेमा २३ मापाची स्टेपर मोटर: एक्स आणि वायला साधारण २ न्यूटन-मीटरची, झेडला ३ ची. आपल्याकडे विक्रेते किलो-सेंमीमध्ये सांगतात. १ न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १०.२ किलो-सेंमी.
डीएम ५५६ जातीचे ड्रायव्हर ३, ३६ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठा) १.
जॉ किंवा डिस्क कपलिंग ३. ॲल्युमिनियमच्या दांडीत सर्पिल काप मारलेलं कपलिंग घेऊ नका. ते स्प्रिंगसारखं पिळतं आणि मिलिंगमध्ये ते पिळणं जॉबवर उमटतं.
लिमिट स्विच, इमर्जन्सी स्टॉप, कॉन्टॅक्टर (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच), एमसीबी, शिल्डेड केबल आणि पत्र्याचं बंद पॅनेल.

मोटर केवढी हवी याचा हिशेब सोपा आहे. ५ मिमी लीडच्या स्क्रूला १ न्यूटन-मीटर टॉर्क दिला तर टेबलावर सुमारे ११०० न्यूटन, म्हणजे ११० किलोच्या आसपास जोर मिळतो. छोट्या मिलला तो भरपूर झाला. अडचण टॉर्कची नसते, वेगाची असते. स्टेपरचा टॉर्क वेग वाढला की झपाट्याने पडतो. १५०० मिमी प्रति मिनिटाला स्क्रू ३०० आरपीएमने फिरतो, आणि तिथवर ३६ व्होल्टवर मोटर जीव धरून असते. वेग हवा म्हणून अवजड मोटर घेणं उलट नडतं, कारण तिचं इंडक्टन्स जास्त असतं आणि त्याच व्होल्टेजवर ती आणखी लवकर धापा टाकते.

डीएम ५५६ ची कमाल मर्यादा ५० व्होल्ट आहे, म्हणून ४८ चा सप्लाय लावण्याचा मोह होतो. झेडचं हेड झपकन थांबवताना मोटर उलट वीज ढकलते आणि व्होल्टेज क्षणभर चढतं. ३६ वर राहिलात तर ड्रायव्हर टिकतात. सप्लायच्या अँपिअरसाठी तिन्ही मोटारींच्या फेज करंटची बेरीज करून तिचे दोन तृतीयांश घ्या: ४.२ च्या तीन मोटारी असतील तर १२.६ चे ८.४, म्हणून १० अँपिअर.

बॉल स्क्रू आणि नट

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थांबून सांगावं लागेल.

नट स्क्रूवरून कधीही मोकळा काढू नका. आतले छर्रे घरंगळत पळतात आणि एक जरी हरवला तरी नट खरबरीत चालतो. काढायचाच असेल तर स्क्रूच्या मुळाच्या व्यासापेक्षा किंचित बारीक नळी, १६०५ ला १२.८ मिमीच्या आसपास, टोकाला टेकवून नट तिच्यावर सरकवा आणि नळीसकट बाजूला ठेवून दोन्हीकडून टेप लावा.

स्क्रूची टोकं मशीनिंग करूनच मागवा. विक्रेत्याला ड्रॉइंग द्या: बीके-१२ च्या बाजूला १२ मिमीची बेअरिंग सीट, एम १२ गुणिले १ पिचचा आटा आणि कपलिंगसाठी १० मिमी शाफ्ट, बीएफ-१२ च्या बाजूला १० मिमी सीट आणि सर्क्लिपची खाच. घरी करायचं तर स्क्रूचा वरचा थर हार्ड असतो हे लक्षात ठेवा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल त्यावर घासत राहील. आधी ग्राइंडरने आट्यांचे माथे उडवायचे, मग कार्बाइडने टर्न करायचं, नटात एकही ठिणगी जाणार नाही अशी बांधणी करून.

१६०५ च्या नटाचं अंग २८ मिमी, फ्लँज ४८ मिमी, आणि फ्लँज दोन बाजूंनी ४० मिमीपर्यंत सपाट कापलेली असते. सॅडलखाली एवढी जागा आहे का हे मागवण्याआधी मोजा. थोडं कमी पडत असेल तर सॅडलच्या पोटातलं कास्टिंग मिल करून घेता येतं, पण गिबच्या भिंतीजवळ किमान ८ मिमी लोखंड ठेवा.

स्वस्त बीके-१२ ब्लॉक आला की उघडून पाहा. त्यात अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी हवी, ७००१. पुष्कळदा साधी ६००१ बेअरिंग घातलेली सापडतात. त्यांना आडवा जोर पेलतो, अक्षाच्या दिशेचा तितका नाही, आणि नव्याकोऱ्या स्क्रूवर ०.०५ मिमी प्ले कुठून आला या कोड्यात आठवडा जातो. ७००१ ची जोडी पाठीला पाठ लावून बसवा, नट आवळून ग्रबस्क्रूखाली पितळेचा छोटा तुकडा ठेवा म्हणजे आटे चिरडत नाहीत. तपासायची युक्ती अशी: स्क्रूच्या टोकावरच्या सेंटर होलमध्ये ग्रीसने एक छर्रा चिकटवा, त्यावर डायल टेकवा आणि टेबल जोराने ढकला-ओढा. डायल ०.०१ च्या आत राहिला तर बेअरिंग बरोबर.

ब्रॅकेट कशाचा करायचा? बहुतेक जण १२ मिमी ॲल्युमिनियम प्लेट वापरतात आणि ते चालतं. पण ग्रे कास्ट आयर्नचा तुकडा हाताशी असेल तर नट ब्रॅकेट त्याचाच करा. कंपन पिऊन टाकण्यात तो ॲल्युमिनियमच्या पुढे आहे. मोटर प्लेटवर नेमा २३ साठी ४७.१४ मिमी चौरसात चार भोकं आणि मध्ये ३८.१ मिमीचं बोअर लागतं.

स्क्रू लाइनमध्ये घेणे

स्क्रू स्लाइडला समांतर हवा, वरून पाहता आणि बाजूने पाहता, दोन्हीकडून ०.०२ मिमीच्या आत. नजरेने हे होत नाही. पद्धत अशी. बीके ब्लॉक आवळा. नट ब्रॅकेट आणि बीएफ ब्लॉक बोटाने हलतील इतके सैल ठेवा. टेबल बीकेच्या अगदी जवळ आणा, म्हणजे स्क्रू नटाला आपल्या जागी ओढून घेईल. तिथे नट ब्रॅकेट आवळा. आता टेबल दुसऱ्या टोकाला न्या आणि तिथे बीएफ आवळा. मोटर न जोडता स्क्रू दोन बोटांनी टोकापासून टोकापर्यंत फिरवा. एका टोकाला जड लागला तर त्या बाजूच्या ब्लॉकखाली शिम (पातळ पत्रा) घाला, ०.०५ मिमीपासून सुरुवात करून. पूर्ण प्रवासात सारखाच हलका लागला की मगच डॉवेल पिना (जागा पक्की करणाऱ्या) मारा. मोटर आणि कपलिंग सगळ्यात शेवटी.

हा टप्पा घाईत उरकला तर मोटर मध्यात छान चालते, टोकाला स्टेप्स गाळते, आणि माणूस दोष ड्रायव्हरला देतो.

झेड अक्ष आणि हेडचं वजन

जुन्या साध्या स्क्रूवर हेड सोडलं तरी जागेवर राहायचं. बॉल स्क्रू मात्र वजनाने उलटा फिरतो. २५ किलोचं हेड ५ मिमी लीडवर सुमारे ०.१७ न्यूटन-मीटर इतका टॉर्क लावतं, आणि वीज नसताना नेमा २३ चा नुसता चुंबकी अडकाव त्याहून कमी असतो. म्हणजे वीज गेली की हेड खाली येणार, कटरसकट जॉबवर किंवा बोटांवर. दोन उपाय आहेत: हेडचं वजन पेलणारे गॅस स्प्रिंग (२५ किलोला एकूण २०० ते २५० न्यूटनचे) किंवा वीज गेल्यावर पकडणारा ब्रेक असलेली मोटर. घरच्या कामाला गॅस स्प्रिंग पुरतात. दोन लावा, कॉलमच्या दोन्ही बाजूंना एकेक, नाहीतर हेड तिरकं ओढलं जातं.

स्पिंडलच्या मोटरबद्दल

मूळ डीसी मोटर चांगली असेल तर सुरुवातीला तीच राहू द्या. थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावणार असाल तर इथे एक फसगत ठरलेली आहे. घरात २३० व्होल्ट सिंगल फेज असते आणि साधा व्हीएफडी बाहेर २३० व्होल्टच थ्री फेज देतो. आपल्याकडच्या १.५ किलोवॅटपर्यंतच्या मोटारी सहसा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये बांधलेल्या असतात. तशीच जोडली तर मोटर फिरते, पण कापताना दम सोडते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायर असतील तर डेल्टा जोडा. तीनच असतील तर स्टारचा सांधा आत दडलेला असतो. रिवाइंडिंगवाल्याकडून तो सोडवून सहा टोकं बाहेर काढून घ्या.

वायरिंग

सगळ्यात आधी सुरक्षा. इमर्जन्सी स्टॉप कंट्रोलरच्या इनपुटला जोडून भागत नाही. त्याने कॉन्टॅक्टर पडायला हवा आणि एसएमपीएस व स्पिंडल दोन्हींचा सप्लाय तुटायला हवा. कॉन्टॅक्टरला स्वतःला धरून ठेवणारा संपर्क आणि वेगळं स्टार्ट बटण द्या. पावसाळ्यात लाइट जाते-येते. वीज परत आली म्हणून स्पिंडल आपोआप फिरायला लागता कामा नये.

एसएमपीएसच्या बाजूला ११५/२३० चा छोटा स्विच असतो. तो २३० वर आहे ना, हे सप्लाय देण्याआधी पाहा. प्रत्येक ड्रायव्हरला वेगळा फ्यूज द्या. ड्रायव्हरला वीज असताना मोटरची वायर कधीच काढू नका. ड्रायव्हर तिथल्या तिथे जातो. वॉरंटीवाला विचारतो तो पहिला प्रश्न हाच.

मोटर आणि लिमिट स्विचच्या केबल शिल्डेड घ्या आणि शिल्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करा. व्हीएफडीची केबल सिग्नलच्या केबलसोबत एकाच पट्टीत बांधू नका. ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा. मशीनचं अंग, पॅनेल आणि व्हीएफडी यांचे अर्थ एकाच बिंदूवर आणा. लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडा: वायर तुटली तर मशीन थांबेल, धडकणार नाही.

पॅनेल बंद हवं. कास्ट आयर्नची पावडर वीजवाहक असते आणि पंख्याच्या उघड्या जाळीतून आत गेली की ड्रायव्हरवर साचते. पंखा लावलात तर फिल्टरसकट, आणि हवा आत ढकलणारा.

कंट्रोलर आणि आकडे

समांतर पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप पडून असेल तर लिनक्ससीएनसी हा प्रोग्रॅम उत्तम. त्यातली लेटन्सी टेस्ट (संगणक पल्स द्यायला किती उशीर करतो ते मोजणारी) व्हिडिओ चालू ठेवून बराच वेळ चालवा. २० मायक्रोसेकंदांच्या आत आली तर फारच छान, ३० ते ५० चालण्यासारखी, १०० च्या वर गेली तर तो संगणक सोडा. लॅपटॉप या कामाला घेऊ नका. माक-३ हा विंडोजवरचा प्रोग्रॅम समांतर पोर्टवर हवं असेल तर ३२-बिट विंडोज लागतं, हे आधीच तपासा. अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवरचं जीआरबीएल स्वस्त आहे, पण त्यात बॅकलॅशची (दिशा बदलताना जाणवणाऱ्या प्लेची) भरपाई नाही आणि इनपुटला ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पोचवून विजेची जोडणी तोडणारा भाग) नसले तर व्हीएफडीच्या विद्युत गोंगाटाने लिमिट खोटे लागतात.

मायक्रोस्टेप (ड्रायव्हर मोटरच्या एका पायरीचे किती तुकडे करतो तो आकडा) १० ठेवा. मोटरच्या एका फेऱ्याला २०० पायऱ्या गुणिले १०, म्हणजे २००० पल्स. भागिले ५ मिमी. उत्तर ४०० पल्स प्रति मिमी. १५०० मिमी प्रति मिनिटाला हे सेकंदाला १०,००० पल्स होतात, आणि उनोची मर्यादा ३०,००० ची आहे. मायक्रोस्टेप ५० करून अचूकता वाढत नाही, फक्त पल्स वाढतात.

हा ४०० आकडा हिशेबाने आला आहे, तो डायल बघून ४००.७ करू नका. सी-७ दर्जाच्या स्क्रूची चूक ३०० मिमीत ०.०५ मिमीच्या आसपास असते. १० मिमीच्या मोजणीत ०.०२ चा फरक दिसला तर तो बहुधा डायलच्या तिरकेपणाचा असतो.

प्रवेग सुरुवातीला १०० मिमी प्रति सेकंद वर्ग ठेवा, वेग ६०० मिमी प्रति मिनिट. मशीन चुकत नाही अशी खात्री झाली की थोडं-थोडं वाढवा, स्टेप गळाली की तिथून ३० टक्के मागे या.

पहिला जॉब

आधी हवेत चालवा, मग थर्माकोलवर, मग ॲल्युमिनियमवर. ६ मिमीच्या दोन धारांच्या कार्बाइड एंडमिलला २५०० आरपीएम आणि प्रत्येक दाताला ०.०३ मिमी धरलं तर फीड १५० मिमी प्रति मिनिट येतो. खोली १ मिमीपासून सुरू करा. एमएसवर (माइल्ड स्टीलवर) १० मिमी एचएसएस कटरला ८०० आरपीएम आणि चार दातांना साधारण ९५ चा फीड.

५० मिमीचं वर्तुळ कापा आणि नीट पाहा. मशीन त्यात स्वतःची सगळी कुंडली मांडतं. चार दिशांच्या टोकांना, जिथे अक्ष उलटतो तिथे, पायरी किंवा सपाट डाग दिसला तर बॅकलॅश आहे. वर्तुळ अंडाकृती आणि तिरकं आलं तर टेबल गुण्यात (काटकोनात) नाही, किंवा गिब सैल आहे.

चूक कशी वाढते यावरून दोष ओळखता येतो. दर वेळी दिशा बदलली की तेवढीच, आणि न साचणारी चूक म्हणजे बॅकलॅश: बेअरिंग, नट ब्रॅकेटचे बोल्ट, कपलिंगचे ग्रबस्क्रू या क्रमाने बघा. प्रवासाच्या प्रमाणात वाढणारी चूक म्हणजे पल्स प्रति मिमीचा आकडा चुकला. अचानक एकदा मोठी उडी म्हणजे मोटर अडली: वेग, प्रवेग किंवा जाम स्लाइड. आणि प्रत्येक दिशाबदलाला एकेक मायक्रोस्टेप करत एकाच बाजूला सरकत जाणारी चूक सापडली तर यांत्रिक काही उघडू नका. पल्सची कडा उलटी धरली गेली आहे, किंवा दिशेचा सिग्नल पल्सच्या आधी पुरेसा लवकर पोचत नाही. पल्सचं उलटेपण बदला आणि दिशेचा आगाऊ वेळ ५ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त करा. पाचशे वेळा १० मिमी पुढे-मागे करणारा जी-कोड (मशीनसाठीच्या हुकमांची यादी) लिहून डायल पाहिला की हा दोष लगेच उघडा पडतो.

गावातले जॉब बहुधा कास्ट आयर्नचे

कास्टिंगच्या वरच्या कातडीत वाळू असते आणि पावडर ग्राफाइटमुळे सगळीकडे चिकटते. हे मिश्रण बॉल स्क्रूला पॉलिश पेपरसारखं घासतं. एक्स आणि वायवर रबरी किंवा कापडी बेलो (घड्यांचं झाकण) लावा, कापताना व्हॅक्यूम चालू ठेवा, कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नका. ती पावडर नटाच्या वायपरच्या आत ढकलते. स्लाइडला ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल घाला. एक हातपंप, ४ मिमी नायलॉन नळ्या आणि गिबजवळ ड्रिल मारलेले तेलमार्ग एवढ्यावर तिन्ही अक्षांना एका दाबात तेल पोचतं.

जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की दोन दिवस न चालवलेल्या टेबलावर तांबूस डाग उमटतो. काम संपलं की टेबल पुसून तेलाचा हात फिरवा, स्क्रू पूर्ण प्रवासात एकदा चालवा म्हणजे तेल सगळीकडे पसरतं, आणि हेड वरच्या टोकाला नेऊन खाली लाकडाचा ठोकळा लावूनच मेन बंद करा.